वारा पाजलेली दुपटी

या, असे जवळ सरकून बसा. एक पाय दारात आणि एक पाय बाहेर ठेवून ऐकायची ही गोष्ट नाही. आज एका बाईच्या रागाची गोष्ट सांगायची आहे. राग वाईट, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण देवानं माणसाला राग दिला तो काही उगाच नाही. घर जळत असताना जी स्वस्थ पडून राहते तिला कोणी साध्वी म्हणत नाही, झोपलेली म्हणतात. आमची ही बाई उशिरा जागी झाली. पण जागी झाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा तिचा आवाज खाली रस्त्यावर ऐकू गेला, आणि तो जायलाच हवा होता.

तिला सगळे सुईबाई म्हणत. शिवणकाम करायची म्हणून, आणि टोचायची म्हणूनही. "टोचते मी, पण जोडतेही मीच," असं ती स्वतःच ठणकावून सांगे. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश सगळं शिवून झालं होतं तिचं. पण हात बसला होता तो तान्ह्या बाळांच्या दुपट्यांवर. मऊ सुती कापड आधी गरम पाण्यातून काढायचं, म्हणजे पुढे आटत नाही. दोन थरांच्या मध्ये पातळ कापूस पसरायचा, तो सरकू नये म्हणून बारीक धावदोरा घालायचा, कडेनं गोट लावायचा. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या आत लपवायची. "बाळाला बोलता येतं का? टोचलं तर सांगणार कोण?"

आणि सगळं झाल्यावर तिचा एक नेम होता, त्यावरच तिचा धंदा उभा होता. तयार दुपटं धुऊन ती मागच्या गॅलरीतल्या दोरीवर तीन दिवस टांगून ठेवी. नव्या कापडाला खळीचा उग्र वास असतो, तो जायला हवा. "तीन दिवस वारा पाजल्याशिवाय माझं दुपटं बाळाच्या अंगाला लागत नाही," ती म्हणे. कोणी कितीही घाई केली तरी दोरीवरचं दुपटं खाली येत नसे. चौकात बाळांच्या कपड्यांचं दुकान होतं. तिथली मालकीण गिऱ्हाइकासमोर दुपटं उलगडून म्हणायची, "नाकाला लावून बघा. सकाळचा वास आहे की नाही?" सुईबाईंनी हे एकदा दाराआडून ऐकलं होतं आणि आठवडाभर कोणालाच टोचलं नव्हतं.

आता तिचा नवरा. गल्ली त्याला टपालराव म्हणे. जन्मभर टपाल वाटलेला माणूस. कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर कोण राहतं ते त्याच्या पायांना पाठ. मनानं लोण्याचा. बायको बोलायला लागली की मान खाली घालून असा हसायचा, की तिलाच लाज वाटावी. खोड एकच. शर्टाच्या खिशात सिगारेटचं पाकीट, आणि पाकिटावर सडक्या फुफ्फुसाचं चित्र.

"चित्राकडे बघता का कधी?" सुईबाई विचारी.

"बघतो की. दुसऱ्याच कोणाचं तरी आहे."

काय करावं अशा माणसाला! तिचा राग फुटायच्या वर्षभर आधी तो एकदा लवकर घरी आला आणि म्हणाला, "अगं, बढती मिळाली. आता जिने चढायचे नाहीत. टेबलाशी बसून टपाल लावायचं."

"आणि पगार?"

"तो वाढेल मागाहून."

सुईबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि अख्ख्या इमारतीला सांगून आल्या. पगार मागाहूनही वाढला नाही, उलट हातात थोडा कमीच येऊ लागला. पण मोठ्या कचेऱ्यांचं असंच असतं, अशी तिनं समजूत घातली. तोवर तो सिगारेट ओढायला खाली कोपऱ्यावर जाई. बढतीनंतर त्याला जिने उतरायचाच कंटाळा येऊ लागला. चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून तो चपलेचा बंद नीट करायचा. चपलेला बंदच नव्हता, पण हे कोण बघतंय?

एकदा त्यानं बैठकीच्या खिडकीत उभं राहून सिगारेट पेटवली, तशी सुईबाई कडाडल्या. "घरात ओढाल तर तुम्ही आहात आणि ही कात्री आहे! ओढायचीच तर मागच्या गॅलरीत जा."

तो निमूटपणे गेला. तेव्हापासून रोज जाऊ लागला. धूर घरात येऊ नये म्हणून दारही आठवणीनं ओढून घ्यायचा, इतका शहाणा.

तुमच्या लक्षात आलं? आलं असेल. पण तुम्ही त्या घरात राहत नव्हता. सुईबाई राहत होत्या. त्यांच्या हिशेबी बाहेर म्हणजे बाहेर, आणि वारा म्हणजे वारा; तो सगळं घेऊन जातो. ती गॅलरी तीन बाजूंनी भिंतींत कोंडलेली, वर पुढच्या मजल्याचा स्लॅब, वारा बिचारा आत आला तर बाहेरची वाट विसरायचा, हे कधी मनातच आलं नाही. आणि वास? ज्या घरात पंचवीस-तीस वर्षं नवऱ्याच्या शर्टाला, केसांना, उशीला तोच वास, तिथं नाकाला तो वास कुठून कळणार? माशाला पाण्याची चव विचारा.

मग काम कमी व्हायला लागलं. आधी थोडं, मग बरंच. दुकानाची मालकीण म्हणू लागली, "सध्या मागणी नाही हो, सुईबाई." समोरच्या इमारतीतली एक सूनबाई नेहमी दुपटी नेई, ती येईनाशी झाली. एका बाईनं दुपटं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जरा मोठं हवं होतं म्हणून परत आणून दिलं. मोठं शिवून दिलं, तर म्हणाली आता राहू द्या. कोणी खरं सांगेना. माणसं तोंडावर गोड आणि पाठीमागं मुकी.

सुईबाईंनी कारखान्यातल्या मालाला शिव्या घातल्या. मग कापूस आणखी चांगला आणला. गोटाचे रंग बदलले. मजुरी उतरवली. एवढ्यानंही होईना, तेव्हा तिनं आपल्या हुकमाचा पत्ता काढला. दुपटी तीनऐवजी पाच दिवस दोरीवर ठेवू लागली! वारा कमी पडतोय म्हणाली.

देवा रे, हसावं की रडावं?

अशात लेकीला दिवस गेले. लेक दुसऱ्या गावात, रात्रभराच्या प्रवासावर. सुईबाईंनी नातवंडासाठी दुपटी शिवली ती अशी, की दुकानातल्या काचेत ठेवावीत. पिवळी, पांढरी, कोपऱ्यात एकेक चिमणी भरलेली. त्यांना तर आठवडाभर वारा पाजला. टपालरावांनी स्वतःच्या हातानं पार्सल बांधलं, स्वतः शिक्का मारला. मुलगा झाल्याचं कळलं तशी सुईबाईंनी बॅग भरली. जाताना दोरीवर दुकानाची उरलीसुरली दुपटी होती. "पाच दिवसांनी काढा आणि पोचवा," असं नवऱ्याला बजावून त्या निघाल्या.

लेकीच्या दारात पोचल्या, आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले, तशी लेक म्हणाली, "आई, आधी आंघोळ करून घेतेस? आणि हा माझा धुतलेला गाऊन घाल." प्रवासाची धूळ, बरोबरच आहे, असं म्हणत सुईबाई न्हाणीघरात गेल्या.

बाळ गुंडाळलेलं होतं ते बाजारच्या पातळ, भुरकट फडक्यात. चिमण्या कुठेच नव्हत्या. सुईबाई एक दिवस बोलल्या नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांना ओळखणाऱ्यांना हा चमत्कारच वाटला असता. शेवटी विचारलंच. "माझी दुपटी पोचली ना गं?"

"हो ना. जपून ठेवलीत." लेकीनं बाळाचं तोंड पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

मग दोन आठवड्यांनी, लेक झोपली असताना, सुईबाई बाळाचे लंगोट वाळत घालायला बाहेर गेल्या, तर पार कोपऱ्यात खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली. तोंड दोरीनं करकचून बांधलेलं, जसा आपण उंदरांपासून वाचवायला खाऊ बांधतो. आत पिवळं काही दिसलं. त्यांनी गाठ सोडली.

आणि वास आला.

शिळ्या राखेचा, ओल्या भिंतीचा, कडवट, घशात खरवडणारा. दोन आठवडे बिनधुराच्या घरात राहून त्यांचं नाक पुन्हा जन्माला आलं होतं, आणि त्या नव्या नाकानं घेतलेला पहिला वास त्यांच्या स्वतःच्या हातच्या दुपट्याचा होता. चिमणीवर नाक टेकवून त्या उभ्या राहिल्या. पुन्हा हुंगलं. हा वास त्यांना ठाऊक होता. हा त्यांच्या नवऱ्याचा वास होता. हा त्यांच्या घराचा वास होता.

लेक मागे येऊन उभी राहिली होती.

"दोनदा धुतली गं आई. जाईना. बाळाला आधीच छातीत घरघर होती, डॉक्टर म्हणाले धुराची वस्तू जवळ आणू नका, कपड्यातला धूरसुद्धा नको."

"मग मला सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"तुला? तुझ्या दुपट्यांबद्दल? तुझ्यासमोर कोणाची टाप आहे?" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आई... ती आंघोळ. ती धुळीसाठी नव्हती."

 सुईबाई आत गेल्या त्या बॅग भरायलाच. "मी बाळाला हात लावायच्या लायकीची होऊन परत येते," एवढंच म्हणाल्या.

गाडीत रात्रभर डोळा लागला नाही. सूनबाई आठवली. 'मोठं हवं होतं' म्हणणारी आठवली. दुकानाची मालकीण दुपटं घेताना मान किंचित मागे घ्यायची, ते आठवलं. वर्षभर सगळं गाव त्यांच्या दुपट्यांचा वास घेत होतं आणि नाक दाबून हसत होतं, आणि त्या आपल्या गोटाचे रंग बदलत बसल्या होत्या! राग असा चढला की बाजूचा उतारू हळूच दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

सकाळी जिना चढून त्यांनी दार उघडलं. वास अंगावर धावून आला, कुत्रा यावा तसा. पडद्यांत, गादीत, देवाच्या कोनाड्यातसुद्धा तोच. टपालराव मागच्या गॅलरीत सिगारेट ओढत उभे होते. आणि त्यांच्या डोक्यावर, दोरीवर, ती दुकानाची दुपटी अजून तशीच लटकत होती.

"आलीस? कळवलं नाहीस ते? दुपटी राहिलीच बघ काढायची. म्हटलं, असू दे, तेवढाच जास्त वारा."

सुईबाईंनी एक दुपटं ओढून काढलं आणि त्यांच्या नाकावर दाबलं. "घ्या वास."

त्यांनी इमानदारीनं हुंगलं. "साबणाचा आहे. चांगला आहे की."

खोटं बोलत नव्हते ते. त्यांचं नाक केव्हाच मेलं होतं.

"साबणाचा?" सुईबाईंचा आवाज फुटला तो इथं. "अहो, हा तुमचा वास आहे! तान्ह्या पोरांच्या अंगाला मी वर्षभर तुमचा धूर शिवून दिला! तुमच्या नातवाच्या छातीत घरघर आहे, आणि आजीची दुपटी पिशवीत फास घालून बाहेर टांगलीत! लेकीनं मला आंघोळ घातली, मग मांडीवर बाळ दिलं! एवढं आयुष्य टाका घालण्यात गेलं आणि माझं नाव कशानं उसवलं? तुमच्या या चार बोटांच्या कांडीनं!"

"तूच म्हणालीस ना, मागे जा..."

"म्हणाले! माझी अक्कल चरायला गेली होती, म्हणून म्हणाले. विहिरीत जा म्हणायला हवं होतं!" खालच्या मजल्यावर खिडक्या उघडल्या. "कडा बांधायचं ओव्हरलॉकचं मशीन घ्यायचं म्हणून किती वर्षं थांबले मी? दरवर्षी तुमचं एकच, पुढच्या वर्षी बघू. कुठे आहे ते मशीन? एकेक कांडी करून ओढलंत तुम्ही ते! चाकासकट, पट्ट्यासकट, सुयांसकट ओढलंत! आणि हातात आलं काय? खोकला! लोक पैसे देऊन औषध आणतात, तुम्ही पैसे देऊन आजार आणलात, आणि तोही उधळेपणानं नाही, रोज, नेमानं. एवढा नेम देवाच्या नावाचा केला असता तर तरला असतात!"

टपालराव हसले नाहीत. मान खाली होती, पण हसू नव्हतं.

सुईबाईंनी शिलाई मशीनचे स्क्रू पिळायला घेतले. वरचं धूड वेगळं केलं, जुन्या चादरीत बांधलं. दुकानाच्या मालकिणीनं पूर्वी कधीतरी म्हटलं होतं, मागची खोली रिकामी आहे, तिथं बसून शिवा. "या घरात आता टाका पडणार नाही," सुईबाई म्हणाल्या.

"थांब, मी नेतो खाली. तुझी कंबर..." आणि बायकोनं नको म्हणायच्या आत त्यांनी गाठोडं उचललं. जन्मभर लोकांची ओझी वाहिलेला माणूस. बायकोचं एवढं तरी आपण न्यावं, असं वाटलं असेल.

एक जिना उतरले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय थांबले. त्यांनी गाठोडं हळूच, फार हळूच खाली टेकवलं, आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. ओठ निळसर झाले होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, बंद दाराच्या फटीतून यावा तसा. ते खिसा चाचपडू लागले. आधी पाकीट बाहेर आलं, सडक्या फुफ्फुसाचं. मग त्याच खिशातून दम्याच्या औषधाचा छोटा निळा पंप.

मागून उतरणाऱ्या सुईबाईंनी तो पंप कधी पाहिला नव्हता.

टपालरावांनी तोंडात औषध ओढलं, डोळे मिटले. श्वास परत आला तसे बोलले.

"बढती नव्हती गं."

सुईबाई एक पायरी खाली उतरल्या.

"माझ्या वाटपातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एक म्हातारी आहे. तिचं औषधाचं पार्सल होतं. मला चढवेना. मी खालीच लिहिलं, 'दार बंद होतं' आणि परत नेलं. तीन वेळा." ते थांबून श्वास घेत होते. "तिनं तक्रार केली. साहेब म्हणाले, नोकरी घालवत नाही, पण वाटपावरून काढतो. फिरतीचा भत्ता गेला. उरलं त्यातून हा पंप येतो."

"आणि त्याच उरल्यातून हे?" सुईबाईंनी पाकीट उचललं. "एकाच खिशात विष आणि त्याच खिशात उतारा! कोणाला फसवत होतात? मला? यमाला?"

"सुटत नाही गं. तुला वाटतं मी सोडून बघितली नाही? दोनदा सोडली. तुला कळलंसुद्धा नाही."

हे ऐकून राग शांत व्हायला हवा होता, नाही का? नाही झाला. सुईबाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या, आणि आवाज खाली आला तरी त्यातली धार गेली नव्हती.

"ऐका. हे मशीन मी एकटी खाली नेईन. वजनाचं मला काही वाटत नाही. पण उद्या याच जिन्यानं मला तुम्हाला खाली न्यावं लागलं, तर ते ओझं मी कशी नेऊ? सांगा. त्याला कुठली चादर बांधू?"

 टपालरावांनी बायकोचा हात तेवढा धरला. तिनं तो सोडवून घेतला, कारण मशीन उचलायला दोन्ही हात लागतात.

दुकानात पोचल्यावर तिनं मालकिणीलाही सोडलं नाही. "वर्षभर मूग गिळून बसलात? एवढी वर्षं माझ्या हातचं विकलंत, आणि एक वाक्य तोंडातून निघालं नाही?"

"कसं बोलू हो सुईबाई? कोणाच्या घराचा वास..."

"घाणीला घाण म्हणायचं. मी टोचलं असतं, पण ऐकलं असतं. आता मागची खोली द्या. आणि प्रत्येक दुपटं तुम्ही आधी हुंगायचं. माझ्या नाकाचा आता भरवसा नाही, म्हणून."

खोली मिळाली. हातानं पुन्हा काम धरलं, नाव पुन्हा हळूहळू सांधलं गेलं. चिमण्यांची दुपटी तिनं नव्यानं शिवली, आणि नातू त्यांतच वाढला. टपालरावांनी सिगारेट सोडली. एका दिवसात नाही हो. पडत, चिडत, खोटं बोलत, पकडले जात, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरिणीपुढे रडत सोडली. बायको रोज संध्याकाळी घरी आली की आधी त्यांचा शर्ट हुंगायची. प्रेमानं नाही, पोलिसासारखी. त्या घरातला धूर गेला. देवाच्या कोनाड्यात पुन्हा फुलांचा वास आला. पण छातीतलं जे गेलं ते गेलं. डॉक्टरीण म्हणाली, आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. सुईबाईंचा रागही तसाच, आहे तेवढा टिकलाय. कोणी म्हटलं, आता सोडलीय ना त्यांनी, तर त्या म्हणतात, "चोरानं चोरी सोडली म्हणून माझे दागिने परत आले का?"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी एक स्टूल ठेवलं आहे, वर स्वतः शिवलेली उशी. आता धावायला लागलेला नातू आला की जिना एका दमात वर जातो, मग उलटा खाली येतो आणि त्या स्टुलाशी उभा राहतो. "आजोबा, तुमचं घर इथंच आहे का?" असं विचारतो. टपालराव हसतात, मान खाली घालून. सुईबाई वरच्या पायरीवर उभ्या असतात, त्या हसत नाहीत.

एवढीच गोष्ट. आता तुम्ही उठाल, घरी जाल, आणि जिना चढाल. तीन मजले एका दमात चढून जाल, मध्ये थांबावंसंही वाटणार नाही, कारण देवानं दिलेलं फुकटचं देणं मोजायची सवय आपल्याला नाही. तेव्हा माझं एक ऐका. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर क्षणभर पाय थांबवा, छाती भरून श्वास घ्या, आणि त्या स्टुलावर बसलेल्या टपालरावांची आठवण काढा.